द्राक्षाची स्पर्धा बंदराच्या अलीकडेच ठरते

दिवाळीच्या सुमारास नाशिक जिल्ह्यातल्या बहुतेक द्राक्षबागांत फळछाटणी आटोपलेली असते किंवा शेवटच्या टप्प्यात असते. दिंडोरी, निफाड, चांदवडचा बागायतदार या दिवसांत कोवळी फूट, डाऊनी रोग आणि आभाळ या तिन्हींवर डोळा ठेवून असतो. ऑक्टोबरात छाटलेल्या बागेचा माल चार-साडेचार महिन्यांनी, म्हणजे फेब्रुवारी-मार्चमध्ये काढणीला येतो. त्यातला निवडक माल मार्च-एप्रिलमध्ये युरोपातल्या दुकानांत विक्रीला लागतो. परदेशातल्या स्पर्धेची तयारी अशी ऐन सणात आपल्या शिवारात चालू असते.

२०२३-२४ मध्ये भारताने सुमारे ३ लाख ४४ हजार टन द्राक्षे निर्यात केली. त्यांची किंमत सुमारे ३,४६० कोटी रुपये होती. यात सिंहाचा वाटा महाराष्ट्राचा, त्यातही नाशिकचा. नेदरलँड्स, बांगलादेश, रशिया, संयुक्त अरब अमिराती आणि ब्रिटन हे आपले प्रमुख ग्राहक आहेत. या यादीतला प्रत्येक बाजार वेगळा आहे, आणि ‘आपला माल स्वस्त’ एवढ्या भांडवलावर यातला एकही बाजार टिकत नाही.

पंचांग आपल्या बाजूचे

युरोपात इटली, स्पेन, ग्रीसची द्राक्षे उन्हाळ्यात येतात. हिवाळ्यात तिथली दुकाने दक्षिण गोलार्धावर अवलंबून असतात. पेरू देशाचा माल ऑक्टोबरपासून, तर दक्षिण आफ्रिकेचा आणि चिलीचा त्यामागोमाग निघतो. मे महिन्यात इजिप्त बाजारात उतरतो. दक्षिण आफ्रिकेचा हंगाम ओसरत असताना आणि इजिप्तचा सुरू होण्याआधी जे काही आठवडे मोकळे सापडतात, ते आपले. छाटणी लांबली, पाऊस पडला, मण्यांची फुगवण मागे पडली, तर हे आठवडे हातचे जातात. निर्यातीसाठी तारखा पाळणे हे गोडी आणि आकाराइतकेच मोलाचे असते.

दोन धक्के, एक शिस्त

२००३ मध्ये युरोपात भारतीय द्राक्षांत कीडनाशकांचे अंश सापडले आणि आपल्या नावाला धक्का बसला. त्यानंतर अपेडाने, म्हणजे शेतमाल निर्यातीसाठीच्या केंद्र सरकारच्या संस्थेने, अंशतपासणीचा कार्यक्रम सुरू केला आणि २००६ मध्ये ‘ग्रेपनेट’ आणले. निर्यातक्षम बागेची नोंदणी, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतला अहवाल आणि पॅकहाऊसमधली पेटी हे सारे त्यामुळे एका साखळीत आले. युरोपातल्या पेटीवरून नाशिकच्या प्लॉटपर्यंत माग काढता येऊ लागला. पुण्याजवळच्या मांजरी इथल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रातली संदर्भ प्रयोगशाळा या व्यवस्थेचा कणा आहे.

तरीही २०१० मध्ये दुसरा धक्का बसलाच. उन्हाळ्यातल्या खरड छाटणीनंतर वेलीची शाकीय वाढ आवरण्यासाठी बागायतदार ‘सीसीसी’, म्हणजे क्लोरमेक्वाट क्लोराइड, वापरत असत. युरोपची मर्यादा किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम इतकी कडक होती आणि हे रसायन तेव्हा आपल्या तपासणीच्या यादीतच नव्हते. कंटेनर युरोपात अडकले, बागायतदार कर्जात गेले. पुढे यादी सुधारली, फवारणीचे वेळापत्रक बदलले आणि निर्यात पुन्हा उभी राहिली. हजारो लहान बागायतदारांनी फवारणीच्या नोंदी ठेवायची सवय लावून घेतली, ही महाराष्ट्राच्या शेतीतली फार मोठी कमाई आहे. तिचे पुरेसे कौतुक झालेले नाही.

जुन्या वाणाची मर्यादा

खरी पिछाडी वाणात आहे. थॉमसन सीडलेस आणि तिच्यातून तासगाव भागात निवडलेली तास-ए-गणेश यांनी आपल्याला इथवर आणले. पण या वाणांना संजीवकांचे डिपिंग (घड द्रावणात बुडवणे), विरळणी आणि त्यासाठी मजुरांचे हात भरपूर लागतात. अवकाळी पावसात मणी तडकतात. पेरू देशाने इका आणि पिउरा या कोरड्या भागांत पाणी नेऊन बागा उभ्या केल्या, जुन्या वाणांच्या जागी नवे बिनबियांचे वाण लावले आणि अलीकडे निर्यातीत चिलीलाही मागे टाकले.

असे नवे वाण पैदासकारांच्या मालकीचे असतात आणि त्यांच्यासाठी स्वामित्वशुल्क मोजावे लागते. नाशिक जिल्ह्यातल्या मोहाडीच्या सह्याद्री फार्म्सने ‘आरा’ मालिकेतले वाण रीतसर परवान्याने आणले, ही चांगली सुरुवात आहे. मात्र पाच-सात एकरांच्या बागायतदाराला जुनी बाग काढून नवी लावताना उत्पन्नाविना काढावा लागणारा काळ सोसवत नाही. या काळासाठी सोयीचे कर्ज हवे आणि आपल्या संशोधन केंद्रांतून परवडणारे देशी वाण वेगाने बाहेर पडायला हवेत.

लांब वाट, उंच जकात

चिलीचा युरोपीय संघाशी व्यापार करार २००३ पासून, तर पेरू देशाचा २०१३ पासून लागू आहे. दक्षिण आफ्रिकेलाही कराराची सवलत आहे. भारतीय द्राक्षे मात्र वर्षानुवर्षे आयातशुल्क भरून तिथे गेली. त्यात २०२४ च्या हंगामात तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे जहाजे आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली आणि प्रवास सुमारे दोन आठवड्यांनी लांबला. काढणीनंतर काही तासांत प्रीकूलिंग, म्हणजे माल थंड करणे, झाले नसेल, तर एवढ्या प्रवासात देठ सुकतात आणि मणी गळतात. अशा वेळी पॅकहाऊसमधली शिस्तच माल वाचवते.

जवळचे शेजारी

आखाताचा सागरी प्रवास काही दिवसांचा, म्हणून तिथे ताजेपणा हे आपले बळ. बांगलादेशात ट्रकने माल जातो. पण जवळचा बाजार म्हणजे खात्रीचा बाजार नव्हे, हे विदर्भातला संत्रा उत्पादक जाणतो. नागपुरी संत्र्याचा सर्वांत मोठा परदेशी ग्राहक बांगलादेश. तिथले आयातशुल्क २०१९ मध्ये किलोमागे सुमारे २० रुपये होते, ते २०२३ पर्यंत सुमारे ८८ रुपयांवर गेले. निर्यात कोसळली, तो माल देशी बाजारात आला आणि वरुड-मोर्शीतले भाव पडले. सैल सालीचा, बियांचा, लवकर नरम पडणारा हा संत्रा लांबच्या बाजारात सहज पाठवता येत नव्हता. दुसरा ग्राहक आधी जोडलेला नव्हता, त्याची किंमत बागायतदाराने मोजली.

द्राक्षाने शिस्त कमावली आहे, संत्र्याला ती अजून उभारायची आहे. बागेतली नोंद, पॅकहाऊसची थंडी आणि हंगामाची तारीख बागायतदार सांभाळतो आहे. नवे वाण, टिकाऊ व्यापार करार आणि एकाहून अधिक बाजार ही कामे त्याच्या एकट्याच्या आवाक्यातली नाहीत. ती सरकारची, संशोधन संस्थांची आणि शेतकऱ्यांच्या कंपन्यांची आहेत, आणि पुढची छाटणी येण्याआधी ती हाती घ्यायला हवीत.