अंकी, अक्षरी आणि आवाजी

बँकेत उमेदवारी करताना एक नियम मनावर कायमचा कोरला गेला. धनादेशावरील अंकी आणि अक्षरी रकमेत तफावत असेल, तर १८८१ च्या चलनक्षम दस्तऐवज कायद्याच्या कलम १८ नुसार अक्षरी रक्कम ग्राह्य धरली जाते. व्यवहारात असा धनादेश आम्ही बहुधा परतच करीत असू. कारण शंका आली की मूळ माणसाकडे जाणे हाच सुरक्षित मार्ग.

निवृत्तीनंतर या नियमाची आठवण झाली ती अमेरिकेतील कन्येमुळे. सौभाग्यवतींच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया होती. मुलीला उगाच घोर नको म्हणून आधी कळविले नव्हते. सायंकाळी फोन केला, तेव्हा तेथे सकाळ होती आणि ती बैठकीत होती. व्हॉइसमेलवर निरोप ठेवला : "बाळ, आईचं ऑपरेशन नीट झालं. पट्टी उद्या निघेल. काळजी करू नकोस."

तिचा फोन असे निरोप लिहून दाखवितो, परंतु इंग्रजीत. माझ्या मराठीचे त्याने इंग्रजी शब्दांचे निरर्थक कडबोळे केले. त्यात 'ऑपरेशन' हा एकच शब्द अचूक उमटला. बिचारी बैठक सोडून बाहेर आली आणि कापऱ्या आवाजात तिने फोन केला. सर्व उलगडा झाल्यावर मी म्हणालो, "आता तो निरोप ऐक." ऐकून ती म्हणाली, "बाबा, शब्द कळण्याआधी तुमच्या सुरावरूनच कळलं असतं."

ही सोय तशी नवी नाही. 'गूगल व्हॉइस'ने २००९ मध्ये व्हॉइसमेलचे लेखी रूप देण्यास आरंभ केला. आयफोनवर ते २०१६ मध्ये आले. आपल्याकडे व्हॉइसमेल फारसा रुजला नाही. त्याची जागा व्हॉट्सअ‍ॅपच्या आवाजी निरोपांनी घेतली. तेही मजकुरात वाचण्याची सोय २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये जाहीर झाली, अर्थात निवडक भाषांपुरती.

तिचे उपकार नाकारता येणार नाहीत. ज्यांना कमी ऐकू येते, त्यांना दुसऱ्याची मदत न घेता निरोप कळतो. सभेत बसून तो वाचता येतो आणि पत्ता पुन्हा शोधणे सोपे जाते. मात्र यंत्र ध्वनीवरून शब्दांचा अंदाज बांधते. इंग्रजी 'फिफ्टीन' आणि 'फिफ्टी' यांत गफलत झाली, तर पंधराचे पन्नास होतात. म्हणून रक्कम, तारीख, औषधाचे नाव असे काही असेल, तर मूळ निरोप ऐकल्यावाचून पुढे पाऊल टाकू नये. आणि आपणही महत्त्वाची बातमी आधी कळवावी. माझी चूक तेथूनच सुरू झाली होती.

कन्या आजही माझे निरोप प्रथम वाचते. मात्र आता, मजकूर कितीही स्पष्ट असो, रात्री घरी गेल्यावर ती ते ऐकतेही.