पाणी किती दिवस टिकेल?

खर्डा म्हटलं की 1795 ची मराठे-निजाम लढाई आठवते, मासे आठवत नाहीत. जामखेड तालुक्याचा हा भाग पर्जन्यछायेतला. पावसाने दगा दिला की इथले पाझर तलाव होळी-पाडव्यालाच तळ दाखवतात. तरीही जबाबदार मासेमारीचा विचार अशाच ठिकाणाहून सुरू करावा, कारण समुद्रावरचा नियम इथे उलटा पडतो. लहान मासा धरू नये, हे समुद्रावर खरंच. महाराष्ट्राने 2023 मध्ये 54 जातींची किमान लांबी ठरवली. कोणता मासा किती लांबीला अंड्यावर येतो, याची केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेची मोजमापं तिच्या मुळाशी आहेत. कटला, रोहू, मृगळ मात्र साचलेल्या पाण्यात सहसा अंडी घालत नाहीत. त्यांना पावसाळ्यातलं वाहतं पाणी लागतं. म्हणून तलावात बीज बाहेरून आणून सोडावं लागतं. जो तलाव चैत्रात आटणार, त्यात अर्ध्या किलोचा कटला वाढायला ठेवणं म्हणजे तो चिखलात मरू देणं. भीमेवरच्या उजनी धरणात तोच मासा राखणं शहाणपणाचं. मासा तोच, जाळं तेच. काय करावं हे ठरतं ते पाणी किती दिवस टिकणार यावर.

आणि हे कोणाला ठाऊक असतं? काठावर जाळं टाकणाऱ्याला. शास्त्राकडेही सांगण्यासारखं पुष्कळ आहे. हिरालाल चौधरींनी 1957 मध्ये संप्रेरकाच्या मदतीने कार्प माशांचं प्रजनन साधलं, म्हणून बीजासाठी केवळ नदीच्या पुरावर अवलंबून राहावं लागत नाही. मोठ्या पाण्यात साधारण 100 मिलिमीटरची बोटुकली सोडावी, असं तज्ज्ञ सांगतात. त्याहून लहान बीज मरळीसारख्या शिकारी माशांच्या तोंडी जातं. आठ महिने टिकणाऱ्या तलावात तर मोठ्या बोटुकलीला पर्यायच नाही, नाहीतर मासा विकण्याजोगा होण्याआधी पाणी संपतं. पण हा सल्ला नेमका कोणत्या तलावाला लागू, ते काठावरच्या माणसाशिवाय ठरत नाही. किती बीज सोडलं हा आकडा कागदावर येतो. त्यातलं किती, केवढं होऊन हाती आलं, हे त्याच कागदावर आलं नाही तर पुढच्या वर्षीचं बीज अंदाजानेच पडणार. म्हणून प्रत्येक तलावाला एक वही हवी, आणि ती तलाव ठेक्याने घेणाऱ्या मच्छीमार संस्थेच्या सभासदांना वाचता यायला हवी.

यावर पहिला आक्षेप असा की मिळकत उघड केली तर ठेक्याची रक्कम वाढेल, चोरटी जाळी पडतील. ही भीती रास्त आहे. तेव्हा वजन आणि जागा संस्थेपुरती ठेवावी. जात, लांबी, सोडलेलं बीज आणि पाण्याची पातळी मात्र उघड असावी. एवढ्यानेही चिलापी (तिलापिया) वाढतेय का, हे कळतं. 1952 मध्ये भारतात आणलेला हा मासा साचल्या पाण्यातच वितो आणि इतरांचा वाटा खातो. दुसरा आक्षेप, कायदा असताना वही कशाला? कारण प्रत्येक पाझर तलावावर अधिकारी उभा राहू शकत नाही, आणि राहिला तरी एकच नियम साऱ्या पाण्यांना लावेल.

काठावरच्यांना काय शास्त्र कळणार, असंही म्हटलं जातं. असं म्हणणाऱ्यांनी भंडारा-गोंदियाच्या मालगुजारी तलावांकडे पाहावं. तिथल्या मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजाला कोणती पाणवनस्पती कोणत्या माशाला आसरा देते हे पिढ्यान् पिढ्या ठाऊक होतं. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ते विचारून नोंदवलं. मग बेशरम हे तण उपटून स्थानिक वनस्पती पुन्हा लावण्याचं काम झालं. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेची 1995 ची जबाबदार मासेमारीची आचारसंहितादेखील शास्त्रीय पुराव्याबरोबर पारंपरिक ज्ञान विचारात घ्यायला सांगते. खर्ड्याच्या परिसरातल्या तलावांची वही सुरू करायची तर पहिलं पान सोपं आहे: गेल्या दहा वर्षांत पाणी कोणत्या महिन्यात आटलं. हे आठवून सांगणारी माणसं अजून गावात आहेत.