‘धन्यवाद’ आलं, पण माहिती गेली कुठे? शेलारच्या सर्व्हेतला एक धडा

संशोधनाच्या पद्धतीवर लिहिताना आपण सॅम्पलिंगवर बोलतो, प्रश्नावलीवर बोलतो. भरलेला फॉर्म सर्व्हरपर्यंत पोचतो की नाही, यावर कुणी बोलत नाही. ते ‘टेक्निकल’ काम, कुणीतरी बघेल असं आपण धरून चालतो. माझ्याकडे बघणारं कुणी नव्हतं, म्हणून हे लिहितेय.

भिवंडीला खेटून असलेल्या शेलारमध्ये मी यंत्रमाग कामगारांच्या ऐकण्याच्या त्रासावर पायलट सर्व्हे करत होते. मागाच्या शेडमध्ये खटखट इतकी असते की शेजारच्या माणसाशीही ओरडून बोलावं लागतं. त्यामुळे पाळी सुटल्यावर बाहेर चहाच्या टपरीवर बोलायचं, मोबाइलवर वेब फॉर्म भरायचा आणि संमती असेल तर मुलाखतीचं रेकॉर्डिंग त्याच फॉर्मला जोडून सबमिट करायचं. मागे सर्व्हरवर साधी पीएचपी स्क्रिप्ट होती, मीच लिहिलेली. ‘धन्यवाद, नोंद झाली’ असं आलं की फोनमधली ऑडिओ फाइल पुसून टाकायची, कारण कामगारांचे आवाज माझ्या फोनमध्ये पडून राहणार नाहीत असं मी त्यांना लिहून दिलं होतं.

एका संध्याकाळी वहीशी ताळा केला. वहीत ११ मुलाखती, सर्व्हरवर ८ नोंदी. तीन गायब. ‘धन्यवाद’ मात्र अकराही वेळा आलं होतं.

आधी संशय कुणावर घ्यायचा?

फॉर्ममधली माहिती तीन टप्प्यांतून जाते: ब्राउझर ती गोळा करतो, मग ती नेटवरून सर्व्हरकडे जाते, आणि शेवटी स्क्रिप्ट ती वाचते. कुठे गळती आहे ते आधी ठरवायचं, मगच कोडला हात लावायचा.

पहिला संशय नेटवर्कवर. पण नेट गेलं असतं तर ब्राउझरने एरर दाखवला असता, माझ्या सर्व्हरवरचं ‘धन्यवाद’ पान आलंच नसतं. म्हणजे स्क्रिप्टपर्यंत काहीतरी पोचत होतं.

दुसरा संशय ‘नेम’वर. एचटीएमएलमध्ये ब्राउझर फक्त ‘नेम’ दिलेल्या रकान्यांची माहिती पाठवतो. नुसता ‘आयडी’ देऊन ‘नेम’ विसरलात, तर रकाना पडद्यावर दिसतो, भरता येतो, पण जात नाही. ‘डिसेबल्ड’ केलेला रकानाही जात नाही. तो बदलता येऊ नये एवढंच हवं असेल तर ‘रीडओन्ली’ वापरा.

तिसरा संशय रीडायरेक्टवर. फॉर्मचा पत्ता एचटीटीपीचा आणि सर्व्हर ३०१ देऊन एचटीटीपीएसवर पाठवतोय, असं असेल तर ब्राउझर दुसऱ्या खेपेला ‘पोस्ट’ऐवजी ‘गेट’ करतो आणि माहिती वाटेतच गळते. ३०७ किंवा ३०८ दिलं तर पद्धत तीच राहते.

हे तिन्ही दोष नेहमी सापडणारे. ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समध्ये ‘नेटवर्क’ टॅब उघडून, ‘प्रिझर्व्ह लॉग’ला टिक करून फॉर्म सबमिट केला की काय गेलं, कोणत्या पद्धतीने गेलं, ते लगेच दिसतं. पण माझ्या बाबतीत एक गोष्ट आड येत होती: त्याच फॉर्ममधून आठ नोंदी नीट आल्या होत्या. फॉर्मच चुकीचा असता तर अकराही गेल्या असत्या. म्हणजे त्या तीन नोंदींमध्येच काहीतरी वेगळं होतं.

वही कामी आली

वहीत मी प्रत्येक मुलाखतीची सुरुवातीची आणि शेवटची वेळ लिहिते. गायब झालेल्या तिन्ही मुलाखती सगळ्यांत लांब होत्या. बाकी सगळ्या पाच-सात मिनिटांच्या, या तिन्ही दहा मिनिटांच्या वरच्या.

मग डोक्यात प्रकाश पडला. पीएचपीत आकाराच्या दोन मर्यादा असतात. ‘अपलोड_मॅक्स_फाइलसाइझ’ ही एका फाइलची, मूळ किंमत २ एमबी. ‘पोस्ट_मॅक्स_साइझ’ ही अख्ख्या फॉर्मची, मूळ किंमत ८ एमबी. मी पहिली वाढवून ५० केली होती आणि दुसरी विसरले होते. माझा फोन १२८ केबीपीएसने रेकॉर्ड करतो, म्हणजे मिनिटाला साधारण १ एमबी. आठ-नऊ मिनिटांच्या पुढे गेलं की मर्यादा ओलांडली.

खरी गोम पुढे आहे. मर्यादा ओलांडली की पीएचपी नुसती फाइल टाकून देत नाही. पोस्टचा आणि फाइल्सचा, दोन्ही अ‍ॅरे रिकामे येतात. वय, पाळी, किती वर्षं माग चालवला, सगळं गेलं. स्क्रिप्ट मात्र चालते. लॉगमध्ये एक वॉर्निंग पडते, आणि तो लॉग मी कधी उघडलाच नव्हता. माझ्या कोडमध्ये ‘माहिती असेल तर सेव्ह कर’ असं होतं आणि ‘धन्यवाद’ त्या अटीच्या बाहेर. घरी टेस्ट करताना मी दहा सेकंदांचं रेकॉर्डिंग जोडलं होतं. ते जाणारच!

मग हा संशोधनाचा प्रश्न कसा?

लांब मुलाखती लांब का होत्या? कारण ज्यांना ऐकू कमी येतं त्यांना प्रत्येक प्रश्न दोन-तीनदा विचारावा लागतो. ‘क्या? फिर से बोलो’ असं ऐकत ऐकत वेळ वाढतो. म्हणजे ज्यांच्यासाठी हा सर्व्हे होता, नेमके तेच माझा सर्व्हर गाळत होता. उरलेल्या आठांवरून निष्कर्ष काढला असता तर ‘त्रास फारसा नाही’ असं आलं असतं.

डोनाल्ड रुबिन या संख्याशास्त्रज्ञाने १९७६ मध्ये गहाळ माहितीबद्दल जी मांडणी केली, तिचा गाभा हाच आहे: माहिती किती गेली यापेक्षा ती का गेली हे महत्त्वाचं. गहाळ होण्याचं कारण उत्तराशीच जोडलेलं असेल, तर सॅम्पल मोठं करूनही चूक सुटत नाही. शंभर मुलाखती घेतल्या असत्या तरी त्याच प्रकारची माणसं गळली असती.

आता मी काय करते

‘पोस्ट_मॅक्स_साइझ’ ही फाइलच्या मर्यादेपेक्षा मोठी ठेवली. पुढे एनजिन्क्स असेल तर त्याची वेगळी मर्यादा बघा, ती मुळात १ एमबीच असते. तिथे निदान ४१३ असा एरर तरी येतो.

स्क्रिप्टच्या सुरुवातीलाच तपासणी टाकली: पद्धत ‘पोस्ट’ आहे, कंटेंट-लेंग्थ शून्यापेक्षा जास्त आहे आणि तरी दोन्ही अ‍ॅरे रिकामे आहेत, तर लाल अक्षरांत ‘नोंद झाली नाही’.

‘धन्यवाद’ आता डेटाबेसमध्ये ओळ पडल्यावरच येतं, नोंद क्रमांकासकट. तो क्रमांक वहीत लिहिल्याशिवाय फोनमधली फाइल पुसत नाही.

आणि चेकबॉक्स काढून टाकले. टिक न केलेला चेकबॉक्स ब्राउझर पाठवतच नाही, त्यामुळे ‘त्रास नाही’ आणि ‘विचारलंच नाही’ यांत फरक राहत नाही. आता हो, नाही, सांगायचं नाही, असे तीन रेडिओ बटणांचे पर्याय आहेत.

त्या तिघांकडे परत गेले. दोघे भेटले आणि न कुरकुरता पुन्हा बोलले. तिसरे काका गावी निघून गेले होते. त्यांनी सगळ्यांत जास्त वेळ दिला होता. माझ्याकडे त्यांची आता फक्त वहीतली वेळ आहे: सुरुवात ७.१०, शेवट ७.३२. ती ओळ मी खोडलेली नाही. पायलटच्या अहवालात ‘गहाळ, कारण: सर्व्हरची मर्यादा’ अशी नोंद करून ठेवली आहे.