चाक रुततं कशामुळं? मोटारगाड्यांच्या इंजिनिअरनं शोधलं मातीत उत्तर

मन्नाएखेळ्ळी भागात काळं रान ओलं असताना ट्रॅक्टर घातला, की चाक जाग्यावरच फिरतं. दोष इंजिनाचा नसतो; ओल्या मातीला चाकाचा रेटा सोसत नाही. हॉर्सपॉवर वाढवली तर चाक आणखीच रुततं.

पोलंडचे मिचिस्लाव बेकर १९२९ साली वॉर्सात इंजिनिअर झाले. लष्करी गाड्यांवर काम करता करता ते मातीकडं वळले. वजनानं माती किती दबते, रेट्यानं कधी सरकते, हे मोजून त्यांनी चाकाचं गणित बसवलं. १९७१ मध्ये चंद्रावर चाललेल्या गाडीला तेच कामी आलं!

आपल्याकडं हा विषय कृषी अभियांत्रिकीत येतो. रायचूर, परभणी, राहुरीला कॉलेजं आहेत. सीमाभागातल्या पोरांनी मात्र रहिवासी दाखल्याचे दोन्ही राज्यांतले नियम आधी बघावेत.