इन्फ्रारेडचा पल्ला

दिवाणखान्याची फरशी दोन फुटी असली की मोजायला टेप लागत नाही. एक रोबो भिंतीशी ठेवायचा, त्यानं सारखं ‘थांब’ सांगत राहायचं आणि दुसऱ्याला एकेक फरशी लांबून त्याच्याकडे सोडायचं. ज्या फरशीवरून सोडल्यावर तो ऐकेनासा होतो, तिथं खडूनं रेघ मारायची. इन्फ्रारेडवर बोलणाऱ्या छोट्या रोबोंचा पल्ला वाढवायचं काम हे असं, जमिनीवर मांडी घालून चालतं.

सामान फारसं नाही. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात तापकीर गल्लीत सहज मिळणारा इन्फ्रारेड एलईडी आणि टीएसओपी १७३८ हा तीन पायांचा काळा रिसीव्हर. एलईडी सेकंदाला ३८ हजार वेळा लुकलुकतो. रिसीव्हर नेमकी तेवढीच लुकलुक उचलतो आणि बाकीचा उजेड गाळून टाकतो. टीव्हीचा रिमोट भर उजेडातल्या खोलीत चालतो तो याच युक्तीवर.

पल्ला कमी पडला की पहिला विचार येतो एलईडी प्रखर करण्याचा. पण प्रकाश अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात विरळ होतो. दुप्पट लांब पोचायचं तर चौपट प्रकाश हवा, तिप्पट लांब तर नऊपट. बॅटरीवर चालणाऱ्या रोबोला हा सौदा महाग पडतो. म्हणून आधी रिसीव्हरकडे बघावं. तिथली कमाई जवळजवळ फुकट असते.

पहिली तपासणी लुकलुकीच्या वेगाची. ३८ किलोहर्ट्झ म्हणजे एक आवर्तन सुमारे २६ मायक्रोसेकंदांचं. कोडमध्ये नुसते डिले टाकून ते साधलं, तर प्रत्येक सूचनेला लागणारा वेळ त्यात मिसळतो आणि वेग ३५-३६ वर घसरतो. एलईडी लागतो, मोबाइलच्या सेल्फी कॅमेऱ्यात जांभळट ठिपकाही दिसतो, त्यामुळे सगळं ठीक आहे असं वाटतं. रिसीव्हरला मात्र तो संदेश अर्धवटच ऐकू येतो. हे काम मायक्रोकंट्रोलरच्या टायमरवर सोपवलं की एकही सुटा भाग न बदलता रेघ पुढं सरकते.

दुसरी तपासणी मोटरची. रोबो हातात उचलून चाकं बंद ठेवली तर संदेश स्वच्छ येतात, चाकं फिरू लागली की तुटतात. पिवळ्या बीओ मोटरच्या ब्रशांमध्ये बारीक ठिणग्या पडतात आणि तो गोंधळ पुरवठ्याच्या तारेतून थेट रिसीव्हरपर्यंत पोचतो. मोटरच्या दोन टोकांवर १०४ नंबरचा कपॅसिटर डकवावा. रिसीव्हरच्या पुरवठ्यात १०० ओहमचा रेझिस्टर घालून अगदी त्याच्या पायाशी ४.७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावावा. दोन-चार रुपयांच्या या भागांनी होणारा फरक मुलांना इतका अवाक करतो की ती पुन्हापुन्हा चाकं चालू-बंद करून बघतात.

तिसरी गोष्ट विरामाची. टीएसओपीला अखंड सिग्नल म्हणजे गोंगाट वाटतो आणि तो आपली संवेदनशीलता आपणच कमी करतो. त्यामुळे संदेश छोटा ठेवावा आणि दोन संदेशांमध्ये मोकळा वेळ सोडावा. सारखं बोलणाऱ्याचं कुणी ऐकत नाही, तसंच हे.

एवढं झाल्यावर एलईडीकडे वळावं. आर्डुइनोच्या पिनला २२० ओहम लावून थेट जोडलेल्या एलईडीतून जेमतेम १७ मिलिअँपिअर वाहतात. मध्ये ट्रान्झिस्टर घालून, दोन एलईडी एकामागे एक जोडून २२ ओहम लावले, तर पाच व्होल्टवर प्रत्येकातून १०० च्या आसपास जातात. जोडणी एकामागे एक असल्यामुळे दुसऱ्या एलईडीचा प्रकाश जादा करंट न खाता मिळतो. लुकलुकीत एलईडी एक तृतीयांश वेळच पेटता ठेवला तर तो तापतही नाही.

अरुंद झोताचा एलईडी लांब मारा करतो, पण रोबो जरा वळला की संपर्क तुटतो. फिरत्या रोबोला चहूबाजूंनी थोडा थोडा प्रकाश अधिक उपयोगी. एलईडीच्या कडेनं गळणारा प्रकाश स्वतःच्याच रिसीव्हरवर पडू नये म्हणून आडोसाही हवा. तो निवडताना कॅमेऱ्यातून पारखून घ्यावा, कारण दिसायला काळंकुट्ट असलेलं काही प्लास्टिक इन्फ्रारेडला आरपार असतं. टीएसओपीचं काळं कवच हाच त्याचा पुरावा.

या कामात सगळ्यात मोलाचा प्रश्न मात्र वेगळा आहे: पल्ला हवा किती? हार्वर्डमध्ये मायकेल रुबेनस्टाइन, राधिका नागपाल आणि सहकाऱ्यांनी ३३ मिलिमीटर रुंदीचे किलोबॉट बनवले आणि २०१४ साली अशा १,०२४ रोबोंकडून मिळून आकृत्या घडवून घेतल्या. हे रोबो टेबलावरून परावर्तित होणाऱ्या इन्फ्रारेडनं बोलतात, तेही दहा सेंटिमीटरच्या आतल्या शेजाऱ्यांशीच. प्रत्येकाचा आवाज सगळ्यांपर्यंत पोचला असता तर संदेश एकमेकांवर आदळले असते आणि कुणालाच काही कळलं नसतं. शिवाय जवळचा कोण, लांबचा कोण हे त्यांना आलेल्या प्रकाशाच्या तीव्रतेवरून ताडता येतं.

म्हणून दोनच रोबो असतील तर खुशाल खोलीभर पल्ला मिळवावा. वीस असतील तर मिळवलेला पल्ला कमी करायची सोयही कोडमध्ये ठेवावी. लांबवर पोचण्याइतकंच कुठं थांबायचं हेही आपल्या हातात आलं, की ते रोबो एकत्र काम करायला तयार झाले असं समजावं.