लेजर मिटताना

पन्नाशी ओलांडलेल्या खातेदाराला बँकेचं पितळी टोकन आठवत असेल. चेक देऊन टोकन घ्यायचं आणि बाकावर बसायचं. आत कारकून जाडजूड लेजर उघडून आपलं पान काढायचा, रक्कम वजा करून नवी शिल्लक शाईने लिहायचा. अधिकारी सही पडताळायचा. मग कॅशियर नंबर पुकारायचा.

खरी कसोटी बॅलन्सिंगला लागायची. सगळ्या खात्यांच्या शिलकींची बेरीज जनरल लेजरशी जुळलीच पाहिजे. 'डिफरन्स' आला की सुट्टीचा दिवस गेला म्हणून समजा. फरकाला नऊने भाग गेला तर कुणीतरी 54 चे 45 लिहिलेत, ही खूण जुने कारकून नवशिक्याला पहिल्या महिन्यातच शिकवत. या हिकमतीचा त्यांना अभिमान होता. अशा माणसांच्या टेबलावर मशीन आणायचं होतं.

धडा समोर होता. साठच्या दशकात आयुर्विमा महामंडळाच्या कलकत्ता कार्यालयात कॉम्प्युटर येऊ नये म्हणून कर्मचाऱ्यांनी इमारतीवर पहारे दिले होते. बँकांनी वेगळा रस्ता धरला. 8 सप्टेंबर 1983 रोजी बँक व्यवस्थापनं आणि संघटना यांच्यात यांत्रिकीकरणाचा करार झाला. मशीन येतील, पण ठरल्या मर्यादेत, आणि त्यांच्यापायी कुणाची नोकरी जाणार नाही. पुढच्याच वर्षी रिझर्व्ह बँकेचे तेव्हाचे डेप्युटी गव्हर्नर सी. रंगराजन यांच्या समितीने आराखडा दिला.

मग शाखांत 'एएलपीएम' आलं, म्हणजे लेजर पोस्टिंग मशीन. आजच्या नजरेला ते बापुडवाणंच. बचत खात्याचं मशीन वेगळं, चालू खात्याचं वेगळं, आणि दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. पण ते चालवायला बसला तो शाखेतलाच कारकून, आणि त्यासाठी त्याला वेगळा भत्ता मिळाला. सुरुवातीला लेजर आणि मशीन दोन्हींवर नोंदी करून आकडे ताडून पाहायचे. दुप्पट काम, त्यामुळे कुरकुरही दुप्पट. तरी मशीनवर भरवसा बसला तो या ताडून पाहण्यामुळेच, असं माझं मत. संघटनांनी देशाला मागे खेचलं असं सर्रास म्हटलं जातं. मला ते अर्धंच खरं वाटतं. त्या घासाघिशीतून माणसांना सवयीपुरता वेळ मिळाला.

पुढे मात्र धीर सुटला. नव्या खासगी बँका कॉम्प्युटर घेऊनच जन्मल्या होत्या. 1998 मध्ये केंद्रीय दक्षता आयुक्त एन. विठ्ठल यांनी सरकारी बँकांना फर्मावलं की 2001 उजाडेपर्यंत 70 टक्के व्यवसाय कॉम्प्युटरवर हवा. भ्रष्टाचार रोखणाऱ्या खात्याने कॉम्प्युटरची तारीख ठरवावी, ही गंमतच. 2000-01 च्या स्वेच्छानिवृत्तीत सरकारी बँकांतून सुमारे एक लाख माणसं बाहेर पडली. नऊची खूण ओळखणारे त्यांत कितीतरी असतील.

खातेदाराच्या पदरात काय पडलं? पूर्वी बचत खात्यावर व्याज मिळायचं ते 10 तारखेपासून महिनाअखेरपर्यंतच्या किमान शिलकीवर, म्हणून दहाच्या आत पैसे भरायची घाई असे. रोजच्या शिलकीवर हाताने व्याज काढणार कोण? 1 एप्रिल 2010 पासून ते रोजच्या शिलकीवर मिळू लागलं.