पॉलिश नंतर, आधी भाता

पुण्यात घरातली जुनी वस्तू एकतर पेशवेकालीन असते, नाहीतर जर्मन. ऑर्गन पेशवेकालीन असणं शक्य नाही, म्हणून तो जर्मन. "काका, आमच्याकडे आजोबांचा जर्मन ऑर्गन आहे, जरा बघून जाल का?" असा फोन आला की पिशवीत टॉर्च, छोटा आरसा, मऊ ब्रश आणि सूर (म्हणजे आवाज देणारी पितळी जीभ, चौकटीसकट) ओढून काढायचा आकडा टाकून मी निघतो. बहुतेक वेळा तो ऑर्गन अमेरिकन निघतो. व्हरमाँट राज्यातल्या ब्रॅटलबरोचा, बॉस्टनचा, नाहीतर शिकागोचा. घरची मंडळी जरा हिरमुसतात. खरं तर खूश व्हायला हवं, कारण पायाने हवा ओढून वाजवायच्या ऑर्गनमध्ये अमेरिकेइतकं काम दुसऱ्या कुणी केलेलं नाही.

मी चिंचवडच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये होतो. ऑर्गन घरात होता, कारण वडील हौशी नाटक मंडळीत साथीला बसायचे. निवृत्त झाल्यावर नारायण पेठेतल्या एका खोलीत हे दुरुस्तीचं काम मांडलं. या कामात शिकलेली एकच गोष्ट सांगायची आहे: जुन्या ऑर्गनमध्ये बदलण्यासारखं बरंच असतं आणि हात लावू नये असं थोडंच असतं. लोक नेमकं उलटं करतात.

नाटकातला सोबती

31 ऑक्टोबर 1880 रोजी पुण्यात आनंदोद्भव नाट्यगृहात अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'संगीत शाकुंतल'चा पहिला प्रयोग झाला. त्यानंतर संगीत नाटकाच्या साथीत पेटी आली, पुढे ऑर्गन आला. 1913 मध्ये बालगंधर्व, गोविंदराव टेंबे आणि गणपतराव बोडस यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. तिच्या साथीला तबल्यावर अहमदजान थिरकवा, सारंगीवर कादरबक्ष आणि ऑर्गनवर हरिभाऊ देशपांडे, अशी माणसं बसायची. ऑर्गनचा आवाज पेटीपेक्षा गोल आणि भरीव. पेटी गायकाशी बोलते, तर ऑर्गन त्याच्या खाली सतरंजी अंथरून बाजूला होतो. नट श्वास घ्यायला थांबला तरी सूर तुटत नाही, आणि मागच्या रांगेतल्या प्रेक्षकालाही आधारस्वर ऐकू येतो. ध्वनिक्षेपक नव्हते त्या काळात याची किंमत मोठी होती.

ऑर्गन इकडे यायची दुसरी वाट चर्चची. अमेरिकन मराठी मिशनचे लोक 1813 मध्ये मुंबईत उतरले आणि पुढे अहमदनगर हे त्यांचं मोठं केंद्र झालं. प्रार्थनेला साथ हवी, पाइप ऑर्गन परवडत नाही, गावोगाव फिरायचं आहे, अशा माणसांसाठी अमेरिकेत घडीचे ऑर्गन बनत. शिकागोचा बिल्हॉर्न ऑर्गन मिटला की पेटीसारखा उचलून नेता येई. असा एखादा अजूनही जुन्या सामानात सापडतो, तेव्हा घरच्यांना तो शिलाई मशिनचा डबा वाटतो.

पेटी की ऑर्गन?

पायाने वाजते ती प्रत्येक गोष्ट ऑर्गन नव्हे. पायपेटी म्हणजे हार्मोनियम. पॅरिसच्या अलेक्झांद्र दबँ यांनी 1840 च्या सुमारास तिचं पेटंट घेतलं. तिचा भाता हवा बाहेर ढकलतो. अमेरिकन ऑर्गनचा भाता हवा आत ओढतो. ओळखायची सोपी रीत अशी: मागची फळी काढा आणि कुणाला तरी पाय मारायला सांगा. मोठा भाता फुगला तर पायपेटी, आत दबला तर ऑर्गन. ऑर्गनच्या भात्यात स्प्रिंगा असतात. त्या भाता पुन्हा उघडायला बघतात आणि त्या ओढीनेच हवा सुरांमधून आत खेचली जाते. म्हणूनच त्याचा आवाज कमी बोचरा. बॉस्टनच्या मेसन अँड हॅम्लिनने 1861 च्या सुमारास 'कॅबिनेट ऑर्गन' बाजारात आणला आणि पुढे अमेरिकेत हीच ओढीची पद्धत रुळली.

दुसरी खूण सुरांची. पेटीचे सूर फळीवर स्क्रूने बसवलेले असतात. अमेरिकन ऑर्गनमध्ये प्रत्येक सुराचं स्वतःचं लाकडी घर असतं आणि सूर त्यात खाचेतून सरकवलेला असतो. म्हणूनच तो आकडा. सुराच्या टोकाच्या खाचेत आकडा अडकवून सरळ ओढायचा. पक्कड लावली तर पितळेवर कायमची जखम.

किती जुना, कुणाचा

समोरच्या फळीवर कंपनीचं नाव असतं, पण ते शेवटी वाचावं. कोरीव महिरप आणि आरसा लावलेला वरचा मनोरा कित्येकदा दुसऱ्याच ऑर्गनचा असतो. कधी नाव मुंबई-कलकत्त्याच्या विक्रेत्याचं असतं, बनवणाऱ्याचं नव्हे. त्यापेक्षा आत बघावं. मागच्या फळीवर किंवा आतल्या चौकटीवर ठोकलेला क्रमांक सापडतो. एस्टी कंपनीने ब्रॅटलबरोत पाच लाखांहून जास्त ऑर्गन बनवले, आणि तिच्या ऑर्गनवरचा क्रमांक कोणत्या वर्षाचा याचा अंदाज बांधता येतो. पट्ट्या बाहेर काढल्या की एखाद्या पट्टीच्या कडेला कारागिराने पेन्सिलीने टाकलेली सही किंवा तारीख दिसते. टॉर्च त्यासाठीच.

पेटंटच्या तारखा हा आणखी एक पुरावा. पायपट्टीच्या लोखंडी चौकटीवर, आतल्या कागदावर त्या छापलेल्या असतात. त्यातली सर्वांत अलीकडची तारीख धरायची. 1887 असेल तर ऑर्गन त्याआधीचा नाही, एवढं नक्की. त्यानंतर किती वर्षांनी बनला ते या तारखेवरून कळत नाही. बरेच लोक सर्वांत जुनी तारीख धरतात आणि ऑर्गन वीस वर्षांनी म्हातारा करून टाकतात. काही पायपट्ट्यांवर ओतीव अक्षरांत 'माऊस प्रूफ' असं लिहिलेलं असतं. तिकडच्या उंदरांची कीर्ती कळते. आपल्याकडच्या उंदरांना इंग्रजी येत नसल्याने त्यांनी ती सूचना मनावर घेतलेली नाही.

मग स्टॉप. पट्ट्यांच्या वर ओढायच्या गोल मुठी असतात. त्यांवर डायापेसन, डल्सियाना, मेलोडिया, वॉक्स ह्युमाना, सेलेस्ट अशी भारदस्त नावं. "अकरा स्टॉपचा आहे बरं का," असं घरचे अभिमानाने सांगतात. अकरा मुठी म्हणजे अकरा प्रकारचे सूर नव्हेत. पुष्कळदा आत सुरांचे दोनच संच असतात. डल्सियाना ओढला की डायापेसनच्याच सुरांवरचं झाकण अर्धं उघडतं, एवढंच. त्या काळी अमेरिकेत टपालाने ऑर्गन विकले जात आणि जाहिरातीत मुठींची संख्या मिरवली जाई. न्यू जर्सीचा डॅनियल बीटी त्यासाठी प्रसिद्ध होता. काही मुठींच्या मागे काहीच जोडलेलं नसे. म्हणून मुठी मोजू नयेत, सुरांचे संच मोजावेत.

दुरुस्तीचा क्रम

ऑर्गन घरी आला की माणसं आधी पॉलिशवाल्याला बोलावतात. अक्रोडाचं किंवा ओकचं लाकूड चकचकतं, पण पाय मारला की आतून फक्त सुस्कारा येतो. भात्याचं रबरी कापड इतक्या वर्षांनी कडक होऊन घड्यांवर फाटलेलंच असतं. ते बदलायचंच. त्याचं दुःख करू नये, ते बदलण्यासाठीच बनलेलं असतं. जुनं कापड ओल्या फडक्याने आणि गरम इस्त्रीने सोडवायचं, कारण खाली सरस असतो आणि सरस उष्णतेने आणि पाण्याने सुटतो. नवं कापडही सरसानेच लावायचं. पांढरा गोंद वापरला तर काम लवकर होतं, पण पुढच्या पिढीतल्या कारागिराला ते कापड सोडवण्यासाठी लाकूड खरवडावं लागतं. भाता नीट झाला का, याची कसोटी साधी आहे. पाय मारून भाता पूर्ण दाबायचा आणि एकही पट्टी न दाबता सोडून द्यायचा. मिनिटभर तरी तो हळूहळू उघडत राहिला पाहिजे. खाडकन उघडला तर हवा कुठेतरी चोरून आत येतेय.

ती चोरवाट बहुतेक वेळा सुरांच्या खालच्या फळीत असते. ही लाकडं थंड देशातली. पुण्यात जून ते सप्टेंबर ती फुगतात, पट्ट्या मार्गदर्शक खिळ्यांवर अडकतात आणि एखादा सूर बोट उचललं तरी वाजत राहतो. मार्च-एप्रिलात तीच लाकडं सुकून आक्रसतात आणि फळीला केसासारखी चीर पडते. पावसाळ्यात पट्टी अडकली म्हणून कुणी ती तासली, तर उन्हाळ्यात ती खुळखुळणार. आधी ऋतू बदलू द्यावा. झडपांवरची पातळ कातडी आणि बनात मात्र तपासावी. कसर ती बनात आवडीने खाते.

न वाजणारा सूर मेलेला असतो, असं नाही. दहांतल्या आठ वेळा जीभ आणि चौकट यांच्यामधल्या फटीत धूळ किंवा झुरळाचा पाय अडकलेला असतो. सूर बाहेर काढून मऊ ब्रश फिरवला की तो बोलायला लागतो. पाच सप्तकांच्या ऑर्गनमध्ये एका संचाला 61 सूर, दोन संचांना 122. मी त्यांच्यासाठी खणांची फळी केली आहे, प्रत्येक सुराला एक खण. सगळे सूर एका ताटात ओतून धुणाऱ्यांनी नंतर माझ्याकडे येऊ नये.

वॉक्स ह्युमाना म्हणजे मानवी स्वर. प्रत्यक्षात तो एक पुठ्ठ्याच्या पात्यांचा छोटा पंखा. हवेच्या ओढीने फिरतो आणि सुराला कंप देतो. अनेक ऑर्गनमध्ये तो गेलेला असतो, कारण आधीच्या दुरुस्तीवाल्याला तो कशासाठी आहे तेच कळलेलं नसतं. पुठ्ठा, एक आस आणि धीर, एवढ्यावर तो परत होतो.

जिथे हात लावू नये

आता मूळ मुद्दा. मेसन अँड हॅम्लिनमधले एमन्स हॅम्लिन हे आधी बफेलोमध्ये एका ऑर्गन कारखान्यात कामाला होते. 1840 च्या दशकात त्यांच्या लक्षात आलं की सुराच्या पितळी जिभेला थोडा बाक आणि पीळ दिला की आवाजाची जात बदलते. तीच लांबी, तीच जाडी, पण एक सूर बासरीसारखा आणि दुसरा तंतुवाद्यासारखा. अमेरिकन ऑर्गनचा सगळा गोडवा त्या बाकात आहे. बाक हाताने दिलेला असतो. ज्यांना तो देता येत होता ते कारखाने गेले. जीभ सपाट केली किंवा तिच्या जागी पेटीचा सूर बसवला, तर भाता, पट्ट्या, पॉलिश सगळं नवं असूनही आवाज गेलेला असतो.

स्वरमेळ जुळवतानाही हाच धोका. जिभेच्या टोकाला घासलं की स्वर चढतो, मुळाशी घासलं की उतरतो. घासलेलं पितळ परत येत नाही. ऑर्गनवाले मला सांगतात, इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याशी जुळत नाही, 440 ला आणून द्या. 440 हा आकडा लंडनच्या 1939 च्या परिषदेत ठरला. त्याआधीचा ऑर्गन त्याला बांधील नाही. 122 सूर घासण्यापेक्षा तंबोऱ्याचं बटण फिरवावं. तो ऑर्गनला जुळतो, तबलाही जुळतो. फक्त आपापसात बेसूर झालेले सूर तेवढे सुधारावेत.

त्यातही सेलेस्टपासून सावध. त्यात एक संच दुसऱ्यापेक्षा मुद्दाम किंचित चढा किंवा उतरता ठेवलेला असतो. दोघं एकत्र वाजले की आवाजात मंद लाट येते. शिकाऊ माणूस ती लाट ऐकतो, ऑर्गन बेसूर आहे असं ठरवतो आणि कानस घेऊन दुसरा संच पहिल्याशी 'जुळवून' टाकतो. तो संच मग निव्वळ पुनरुक्ती उरतो. बिल देऊन केलेली ही नासधूस मी पुण्यात पाहिली आहे.

मोटर बसवून देता का, असंही विचारतात. बसवता येते. पण नाट्यपदात ऑर्गनचा चढउतार पायातून येतो. गायक वर गेला की पाय भरतो, खाली आला की सैल पडतो. शिवाय उजव्या गुडघ्याने ढकलायची दांडी असते, तिने आवाजाची झडप उघडते. दोन्ही गुडघे, दोन्ही पाय, दोन्ही हात. मोटर यातलं एक काम करते आणि दुसरं बिघडवते. देवळातल्या किंवा शाळेतल्या ऑर्गनला चालेल, भरत नाट्य मंदिरात पदाच्या साथीला बसणाऱ्याला नाही.

घरी असेल तर

ऑर्गन भिंतीला टेकवून ठेवू नका, मागून हवा खेळली पाहिजे. वर कुंड्या नकोत. पाणी झिरपून सुरांच्या घरात जातं. उन्हाच्या खिडकीपासून लांब ठेवा. आतला भाग कपड्याने झाका आणि वाळवीसाठी वर्षातून दोनदा तळ बघा. आणि रोज थोडा वेळ वाजवा. रोज घडी उलगडणारा भाता लवकर कडक होत नाही, आणि चाललेल्या पट्ट्यांखाली झुरळ घर करत नाही.

विकायचा असेल तर घाई करू नका. पुण्यात याला दोन गिऱ्हाइकं असतात. एकाला दिवाणखान्यात फुलदाणीखाली ठेवायला लाकूड हवं असतं आणि तो जास्त पैसे देतो. दुसऱ्याला नाटकाच्या साथीला बसायचं असतं आणि तो सुरांचे संच किती, मूळचे का, एवढंच विचारतो. मला विचाराल तर दुसऱ्याला थोडे कमी पैसे घेऊन द्या. तो भाता फाटल्यावर दुरुस्त करून घेईल आणि कानस घेऊन आलेल्या माणसाला दारातूनच परत पाठवेल.